एका एअर फिल्टरची यथायोग्य निवड

जावयाने सासऱ्यांशी खोटं बोलूच नये, असं माझं म्हणणं नाही. संसार चालला पाहिजे. पण ज्या खोट्यात बॉनेट उघडून डोकावता येतं, ते खोटं बोलू नये.

गुरुवारी सकाळी सासऱ्यांचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो.

"जावईबापू, गाडीचा एअर फिल्टर बदललात का?"

अर्ध्या गालाला फेस असलेला माणूस सविस्तर खुलासा करू शकत नाही. "बदलला की," मी म्हणालो.

"उत्तम. रविवारी अकराला तपासायला येतो. धाकटे जावईही येतायत."

फोन बंद झाला आणि माझी हनुवटी कापली.

सासरे बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाले ते नोकरीतून, इन्स्पेक्शनमधून नाही. आमच्याकडे असलेली गाडी त्यांच्या नावावर आहे आणि दर सहा महिन्यांनी ते तिची तपासणी करतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला लावून दुसरं कानाला लावतात, डोळे मिटतात आणि डायरीत काहीतरी लिहितात. गाडी कोणाकडे राहावी याबद्दल त्यांचं तत्त्व एकच: ज्याची निगा, त्याची गाडी. या तत्त्वाकडे माझे धाकटे साडू वर्षभर डोळे लावून बसले होते. मागच्या तपासणीत पाण्याच्या टाकीच्या चढावर गाडी धापा टाकायला लागली, तेव्हा सासरे म्हणाले होते, "हिचं नाक चोंदलंय. फिल्टर बदला. पुढच्या खेपेला असंच दिसलं तर गाडी धाकट्यांकडे."

साडू मागच्या सीटवर होते. त्यांनी खेद व्यक्त केला. इतका मनापासून व्यक्त केला की त्यांना तिथल्या तिथे खाली उतरवावंसं वाटलं.

गाडी गेली असती तर माझं फारसं बिघडणार नव्हतं. मी ऑफिसला बसने जातो. प्रश्न बायकोचा होता. ती फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे, पाठी आणि खांदे यांच्यासाठी रोज सहा घरं हिंडते आणि गाडीच्या डिकीत तिचं घडीचं टेबल असतं. ते टेबल घेऊन बसमध्ये चढणं म्हणजे घराचा दरवाजा उचकटून सोबत नेण्यासारखं आहे. गाडी गेली की तिची निम्मी घरं गेली, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. म्हणून मी हे काम मनावर घेतलं. इथेच पहिली चूक झाली.

मी खरेदी विभागात आहे. गेल्या चोवीस वर्षांत तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता यांच्याशिवाय मी टाचणीसुद्धा घेतलेली नाही. लोक म्हणतील, मेकॅनिककडे गाडी न्यायची आणि "बदलून टाक" म्हणायचं. पण मेकॅनिक त्याच्या फळीवर जो फिल्टर असेल तोच टाकणार. त्याला निवड म्हणत नाहीत. त्याला योगायोग म्हणतात.

शुक्रवारी संध्याकाळी मी पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. आमच्या सोसायटीत कोणी मेलं तर तिसऱ्या दिवशी कळतं. बॉनेट उघडलं तर तिसऱ्या मिनिटाला. सेक्रेटरी चपला फटफटवत आले.

"अहो, पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीला मनाई आहे. ठरावावर तुमचीच सही आहे."

"दुरुस्ती नाही, पाहणी चाललीय."

"पाहणीला हातात स्क्रू ड्रायव्हर?"

"हा पाहण्यासाठीच आहे. आमच्या सासरी यानेच पाहतात."

सेक्रेटरींना हे पटलं नाही. त्यांनी लेखी अर्ज मागितला. मी खिशातल्या वीजबिलाच्या पाठीवर लिहायला घेतला आणि त्यांनीच मजकूर सांगितला, "'तेलाचा एकही थेंब न सांडता' असं घाला." मग स्वतःच मंजुरी देऊन ते पुढे वाकले आणि म्हणाले, "आता शेजारी म्हणून सांगतो. कंपनीचाच फिल्टर घ्या. दुसरा घ्याल तर रडाल."

"कंपनीचा?" वरून आवाज आला. पहिल्या मजल्यावरचे प्रोफेसर गॅलरीत उभे होते. त्यांनी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय, त्यामुळे ते खालच्या आवाजात बोलूच शकत नाहीत. "कंपनीचा फिल्टर म्हणजे घडी घातलेला कागद! कापडी घ्या. धुवायचा, वाळवायचा, परत लावायचा. आयुष्यभर चालतो."

"कोणाच्या आयुष्यभर?" सेक्रेटरींनी मान वर करून विचारलं.

"गाडीच्या!"

"गाडीचं राहिलंय किती?"

ही चर्चा माझ्या गाडीबद्दल, माझ्यासमोर, बॉनेट उघडं असताना चालली होती. आजारी माणसाच्या उशाशी बसून एवढं स्पष्ट कोणी बोलत नाही.

चार क्लिपा उघडायला मला दोन नखं लागली. आतला फिल्टर कधीकाळी पांढरा असावा. त्याच्या घड्यांत दोन पाकोळ्या, एक वाळकं पान आणि आमच्या रस्त्याचा बराचसा भाग निघाला. नमुना म्हणून तो पिशवीत घातला. शनिवारी बायकोचे दोनच पेशंट होते, दोघंही पलीकडच्या गल्लीत. गाडी लागणार नव्हती.

शनिवारी सकाळी स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने नमुना हातात घेतला, पाकोळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फळीवरून तसाच एक फिल्टर काढून समोर ठेवला.

"हा घ्या."

"कंपनीचा आहे का?"

"कंपनीचाच. फक्त डबा वेगळा."

"आणि आतला फिल्टर?"

"तोही जरा वेगळाच म्हणा. पण तसाच."

मी लेखी कोटेशन मागितलं. दुकानदाराने कानावरची पेन्सिल काढली, जरा विचार केला आणि परत कानावर ठेवली. "साहेब, फिल्टर नेताय का विमान?" दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं हसली. मी फिल्टर घेतला आणि ताठ मानेने बाहेर पडलो. ताठ मानेमुळे पायरी दिसली नाही, ते सोडून द्या.

आता उरला कंपनीचा. त्यासाठी सर्व्हिस सेंटर. तिथे काच, थंडगार हवा आणि काउंटरमागे एक अतिशय विनयशील मुलगी. मी पिशवीतून नमुना काढला. तिने तो पाहिल्यासारखंही केलं नाही.

"सर, आम्ही सॅम्पलवर पार्ट देत नाही. चासी नंबर सांगा."

हा नंबर मी कागदावर लिहून नेला होता. मला कोणी अगदीच कच्चा समजू नये. तिने तो संगणकात घातला.

"गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या मोबाईलवर ओटीपी गेलाय, सर. तेवढा सांगा."

ज्या माणसाला फिल्टर गुरुवारीच बदलल्याचं सांगितलं, त्याच्याकडूनच शनिवारी फिल्टर घेण्याची परवानगी मागायची होती. मी कोपऱ्यात जाऊन फोन लावला.

"बाबा, तुम्हाला आत्ता एक सहा आकडी नंबर आला असेल..."

"कोण बोलतंय?"

"मी. मोठा जावई."

"कशावरून?"

"आवाजावरून."

"आवाज हल्ली कोणीही कोणाचाही काढतो. बँकेच्या सभेत सांगितलंय आम्हाला. मोठा जावई असाल तर माझ्या मुलीची जन्मतारीख सांगा."

मला जन्मतारीख माहीत आहे. चोवीस वर्षांत ती मी फक्त दोनदा विसरलोय आणि दोन्ही वेळचे परिणाम माझ्या लक्षात आहेत. पण काउंटरसमोर उभं राहिलं की माझ्या तोंडून कागदावरचंच निघतं.

"दहा जून."

पलीकडून सासरे विलक्षण समाधानाने म्हणाले, "सापडलास!"

"बाबा, अहो..."

"दहा जून ही शाळेच्या दाखल्यावरची तारीख. वर्ष वाया जाऊ नये म्हणून मीच ती मास्तरांकडून लिहून घेतली. खरी तारीख फक्त घरच्यांना माहीत आहे. तुझ्या हाती कागद लागलाय, घर नाही! आणि मेसेजात एअर फिल्टर असं लिहिलंय. माझ्या खऱ्या जावयाने तो गुरुवारीच बदललाय. अभ्यास कमी पडला, चोरा!"

फोन बंद झाला. सासरे मोठ्याने बोलतात आणि माझा मोबाईल त्यांच्या बाजूने आहे. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांनी आपलं पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात घेतलं.

काउंटरवरच्या मुलीला माझी दया आली असावी. तिने नमुना उचलला, आत गेली आणि दोन मिनिटांत नवा कोरा फिल्टर घेऊन आली. "हाच, सर. मापाला बरोबर आहे."

"मग ओटीपी कशाला?"

"तो सिस्टीमला लागतो."

"आता सिस्टीमला काय सांगणार?"

"गिऱ्हाईक निघून गेलं, असं," ती गोड हसून म्हणाली. तिची बढती नक्की आहे.

घरी बायको दारातच उभी होती.

"बाबांचा फोन आला होता. तुमच्या आवाजात कोणीतरी ओटीपी मागत होता म्हणे. काळजीत आहेत. मला म्हणाले, जावयांना जप."

"तू काय म्हणालीस?"

"जपते म्हणाले. अहो, फिल्टर बदलला असं तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"तोंडाला फेस होता."

"आणि दहा जून?"

मी वाकून चपला काढायला लागलो. ती म्हणाली, "हे बघा, मी बाबांशी खोटं बोलणार नाही. ते विचारायला लागले की मी दात घासायला जाईन. पण दिवसातून किती वेळा दात घासायचे यालाही मर्यादा आहे. उद्या अकराच्या आत त्या गाडीत फिल्टर पाहिजे. कुठलाही."

'कुठलाही' हा शब्द खरेदी विभागात उच्चारत नाहीत.

संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर तांत्रिक समितीची बैठक झाली. सदस्य दोन: सेक्रेटरी आणि प्रोफेसर. प्रोफेसरांनी येताना एक कापडी फिल्टर आणला होता. त्यांची गाडी चार वर्षांपूर्वी विकली गेली, पण फिल्टर आयुष्यभराचा असल्यामुळे तो मागे राहिला होता. आमच्या गाडीला तो बोटभर लांब होत होता. "बोटभर काय, कापू!" प्रोफेसर म्हणाले. मी तक्ता आखला. धूळ अडवण्याची क्षमता, टिकाऊपणा, माप, सुबकपणा, आणि सेक्रेटरींच्या आग्रहावरून 'शिफारस करणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीचं काय झालं' असे पाच रकाने झाले.

पाचव्या रकान्यावरून वातावरण तापलं. कागदी फिल्टर किती कुचकामी असतो हे सिद्ध करायला प्रोफेसरांनी आमचा जुना फिल्टर बादलीत टाकला, त्यावर साबणाची पूड ओतली आणि ढवळलं. पाच मिनिटांत फिल्टरचा लगदा झाला.

"बघा!" प्रोफेसर म्हणाले.

"कागद पाण्यात टाकल्यावर दुसरं काय होणार?" सेक्रेटरी ओरडले. "तुम्हाला टाकलं तर तुम्ही काय वाळाल?"

यावर प्रोफेसर उठून गेले, सेक्रेटरी त्यांना समजवायला गेले, जिन्यात दोघांचं पुन्हा जुंपलं, आणि उरलेलं कामकाज रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत तहकूब झालं. अकराला सासरे येणार. हाताशी दीड तास. चार क्लिपांना पुरेसा वेळ.

रविवारी साडेआठला बेल वाजली. दारात सासरे, आणि त्यांच्या मागे साडू.

"लवकर आलो," सासरे म्हणाले. "कालच्या त्या चोराला गाडीचा चासी नंबर माहीत होता, बापू! मी कंपनीत चौकशी केली. म्हटलं, गाडी जागेवर आहे का ते आधी बघू. चला, किल्ली द्या."

टेबलावर तीन फिल्टर उघडे पडले होते. बायकोने वाळलेल्या कपड्यांचा ढीग दोरीवरून उचलून त्यांच्यावर टाकला आणि दात घासायला गेली.

"ताई बरी आहे ना?" साडूंनी विचारलं.

"स्वच्छतेची आवड आहे," मी म्हणालो.

पाच मिनिटांनी आम्ही गाडीत होतो. सासरे चालवायला, साडू त्यांच्या शेजारी, मागे मी आणि बायको. पुढे इंजिनाजवळ, फिल्टरच्या डब्यात, निव्वळ हवा. फिल्टर नसेल तर गाडी सुरू तरी होते का, हे मला माहीत नव्हतं. सासऱ्यांनी किल्ली फिरवली.

गाडी गरजली. सहा वर्षांत तिने असा आवाज काढला नव्हता. सासऱ्यांच्या भुवया वर गेल्या. पाण्याच्या टाकीचा चढ आला. जिथे ती दरवेळी खोकायची, धापा टाकायची, तिथे ती सुसाट निघाली. एक सायकलवाला, दोन स्कूटर आणि एक दुधाची गाडी मागे पडली.

"अरे वा!" सासरे स्टिअरिंगवर थाप मारत म्हणाले. "काय मोकळा श्वास घेतेय! धाकटे जावई, ऐका हा आवाज. याला म्हणतात निगा. बापू, कुठला फिल्टर बसवलात?"

"तसा... हलका आहे," मी म्हणालो.

"जाणवतंच नाही की आत काही आहे!"

बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, ते मी विचारलं नाही.

टाकीशी सासऱ्यांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि डायरी काढली. मी सुटलो असं मला वाटलं. पण अनुभवी इन्स्पेक्टर समाधानी झाला की न्याय करायला बसतो.

"बॉयलर धोक्यात होता, तुम्ही सांभाळलात, आता तो ठणठणीत झाला," सासरे म्हणाले. "म्हणजे तुमचं काम पूर्ण झालं, जावईबापू. मागे मी रागात बोललो, पण आजारी गाडी मी धाकट्यांच्या गळ्यात कशी मारणार? अशी धडधाकट गाडी द्यायला मात्र हरकत नाही. त्यांचाही हक्क आहे. पुढची काही वर्षं तिकडे राहू दे."

साडूंनी या वेळी खेदसुद्धा व्यक्त केला नाही. त्यांनी डॅशबोर्डवरून प्रेमाने हात फिरवला.

मी बायकोकडे पाहिलं. ती आता हसत नव्हती. मान वळवून ती मागे डिकीच्या बाजूला बघत होती, तिचं घडीचं टेबल होतं तिकडे. वडिलांच्या नावावरची गाडी. ती बोलणार तरी काय?

माझ्यापुढे दोन रस्ते होते. गप्प बसलो तर उत्तम निगा राखणारा जावई म्हणून डायरीत नाव लागणार होतं, फक्त गाडी जाणार होती. बोललो तर नाव जाणार होतं. चोवीस वर्षांत मला तुलनात्मक तक्त्याशिवाय निर्णय घ्यावा लागला तो हा एकच.

"बाबा," मी म्हणालो, "गाडीत फिल्टर नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे डबा रिकामा आहे. गुरुवारी मी खोटं बोललो. आणि कालचा चोर मीच."

साडूंचा हात डॅशबोर्डवरून उठला. सासरे उतरले. बॉनेट उघडलं, क्लिपा उघडल्या, झाकण वर केलं. त्या डब्यात त्यांनी इतका वेळ पाहिलं की जणू तळाशी मी दिसत होतो.

"तरीच!" ते शेवटी म्हणाले. "नाक कापून टाकल्यावर श्वास मोकळाच होणार." त्यांनी खिशातला रुमाल काढून डब्याच्या तोंडावर पसरला. "आता या मशीनला कोणी हात लावायचा नाही. फिल्टर बसल्याशिवाय ती एक फूट हलणार नाही."

"एवढी धूळ आत गेली असेल तर..." साडू हळूच म्हणाले. "बाबा, आमचं काय, आम्ही बघू दुसरी एखादी. ताईचीच राहू दे." आणि ते स्वतःच्या बुटांकडे बघत चार पावलं मागे गेले.

बायको केव्हा उतरली ते कळलंही नाही. ती चढ उतरून घरी गेली आणि पंधरा मिनिटांत परत आली. हातात एक फिल्टर, आणि मागून धापा टाकत प्रोफेसर आणि सेक्रेटरी. समितीची बैठक साडेनऊला होती आणि घरात अध्यक्षच नव्हता.

तिने रुमाल काढला, डबा आतून पुसला, फिल्टर बसवला, झाकण लावलं. टक, टक, टक, टक. तिला नखं लागली नाहीत. सासरे घड्याळ बघत होते.

"दोन मिनिटं," ते म्हणाले. "आणि यांनी तीन दिवस घालवले!"

"पण कुठला बसवलात, वहिनी?" प्रोफेसर कासावीस झाले. "कापडी की कागदी?"

"कंपनीचा ना?" सेक्रेटरी म्हणाले.

"बघितलं नाही," बायको हात झटकत म्हणाली. "कपड्यांखाली सगळ्यात वर होता तो."

तो दुकानदाराचा निघाला. प्रोफेसर आणि सेक्रेटरी यांच्यात त्या क्षणी पहिल्यांदाच एकमत झालं आणि दोघांनीही माझ्याकडे सारख्याच तुच्छतेने पाहिलं.

सासऱ्यांनी तिला इंजिन सुरू करायला लावलं. लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला आणि कानाला लावून डोळे मिटले. आवाज बसका होता, शहाणा होता. मग त्यांनी किल्ली काढली आणि मुलीच्या तळहातावर ठेवली.

"उद्या कागद करून टाकू. गाडी तुझ्या नावावर."

"आणि यांचं काय?" तिने माझ्याकडे हनुवटी करून विचारलं.

सासऱ्यांनी बॉनेटवर डायरी ठेवून लिहायला घेतलं, आणि मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. वाहन ताब्यात: मुलगी. स्थिती: समाधानकारक. त्याखाली त्यांनी गाडीसोबत सुपूर्द केलेल्या वस्तूंची यादी केली होती: स्टेपनी एक, जॅक एक, पाना एक, जावई एक.